लिंक्डइनवर नोकरी शोधताना : सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांना आणि लहान-मोठ्या कंपन्यांना माणसं शोधून देणं हे माझं काम. त्यामुळे मिरजेत असो की कराडात, लग्नाच्या पंगतीत बसलं तरी शेजारचे काका विचारतात, "ते लिंक्डइन का काय, त्यानं खरंच नोकरी लागते का हो? आमचा पोरगा दिवसभर त्यावरच असतो." लागते. पण कामाच्या ओळखी जोडणाऱ्या या साइटवर दिवसभर नुसतं बसून लागत नाही. नेहमी कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या परीनं उत्तरं खाली दिली आहेत. सगळं वाचायलाच हवं असं नाही, आपल्या कामाचं तेवढं घ्या.

नोकरी डॉट कॉमवर खातं आहे. मग लिंक्डइन कशाला?

दोन्ही ठेवा, पण दोन्हीकडे वागायची रीत वेगळी आहे. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. तिथे आम्ही पैसे भरून बायोडेटांच्या साठ्यात शोधतो : सीएनसी प्रोग्रॅमिंग, तीन ते पाच वर्षं अनुभव, पंधरा दिवसांत रुजू होणारा. शोधताना 'अलीकडे कोण सक्रिय आहे' हेही निवडता येतं आणि बहुतेक जण ते निवडतातच. चार महिने लॉगइन न केलेला मुलगा कितीही हुशार असला तरी आमच्या यादीत वर येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तिथे जाऊन एखादी ओळ ताजी करायची, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर किती दिवसांनी सुटाल ते) खरा लिहायचा, मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघायचं. तिथलं काम एवढंच.

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घ्यायचं ठरवलं. जाहिराती तिथेही असतात, पण त्याचं खरं बळ वेगळं आहे : कोणत्या कंपनीत कोण बसलंय, ते कुठल्या कॉलेजचं, त्याआधी कुठे होतं, हे तुम्हाला पलूसमध्ये घरी बसून दिसतं. हे वापरलं नाही तर लिंक्डइन म्हणजे आणखी एक अर्ज भरायची जागा.

सरकारी बाजूला केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयं ही पोर्टल आहेत. दोन्ही फुकट. नोंदणी करून ठेवा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते.

आमची कुठे ओळखच नाही. वडील शेतकरी, घरात पहिलाच इंजिनिअर मी. मग या ओळखीच्या साइटवर मी करू काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्या भागाला ओळखीनं कामाला लागणं नवीन नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली ती अशीच. एक भाऊ कुठल्या तरी लांबच्या शहरात टिकला की पुढच्या वर्षी चुलतभाऊ, मग मामेभाऊ, मग गल्लीतला कुणीतरी. ही साखळी घट्ट असते, अडीअडचणीला उभी राहते. पण ती तुम्हाला त्याच धंद्यात, त्याच गावात नेते. चुलत्याला जे ठाऊक असतं ते बहुतेक तुम्हालाही ठाऊक असतं. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही तसंच : एकच जाहिरात चौदा जण फॉरवर्ड करतात.

नवी बातमी येते ती अर्धवट ओळखीच्या माणसाकडून. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी हे १९७३ मध्येच मांडलं होतं. पुढे लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षं प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोग झाला तो थोड्या सैल ओळखींचा. म्हणजे तुमचे आणि त्यांचे काही परिचित सामाईक आहेत, पण रोजचं बोलणं नाही, अशा माणसांचा. जिवलग मित्रांचा उपयोग सगळ्यांत कमी झाला.

तर 'ओळख नाही' म्हणताना तुम्ही फक्त घट्ट ओळखी मोजताय. सैल ओळखी मोजा. चार वर्षं पुढे असलेला सीनियर, ज्याच्याशी तुम्ही गॅदरिंगला दोनदा बोललात. इंटर्नशिपच्या महिन्यात ज्यांच्या टेबलाशेजारी बसायचात ते मॅडम. सरांचा जुना विद्यार्थी. वडिलांच्या ड्रिप कंपनीचा एरिया मॅनेजर. शाळेतला तो मुलगा जो नववीत पुण्याला गेला. कागद घेऊन बसलात तर यादी पानभर सहज होईल.

आणि एक युक्ती, जी फार थोडी मुलं वापरतात. लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजचं पान उघडा, तिथे माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कुठे राहतात, कुठे काम करतात, कसलं काम करतात, यावरून गाळून बघता येतं. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. इतक्या वर्षांत या दोन ठिकाणांहून बाहेर पडलेली माणसं कुठे कुठे पोचली असतील याचा अंदाज करा. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांतून शिकलेल्यांचंही तेच. तुम्ही त्यांना ओळखत नाही हे खरं, पण कॉलेजचं नाव सारखं दिसलं की माणूस मेसेज उघडतो. तेवढं पुरे असतं.

सीनियरला मेसेज करायचा म्हणजे नोकरी मागायची ना? लाज वाटते.

नोकरी मागू नका, म्हणजे लाजही वाटणार नाही. "सर, कुठे व्हेकन्सी असेल तर बघा ना" या मेसेजला उत्तर देणं अवघड असतं, कारण तुम्ही समोरच्यावर ओझं टाकता. त्याच्या हातात जागा नसते, मग तो गप्प बसतो. त्याला उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा.

उदाहरणार्थ : "नमस्कार सर, मी वालचंदमधून यंदा मेकॅनिकल झालो. तुम्ही पंपांच्या डिझाइनमध्ये आहात हे पाहिलं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट इम्पेलरवर होता. या कामात सुरुवातीला कोणतं सॉफ्टवेअर जास्त लागतं, एवढं विचारायचं होतं. सवडीनं सांगा."

यात मागणं नाही, पण तुम्ही कोण, काय केलंय आणि कुठे जायचंय हे तिन्ही आलं. उत्तर आलं तर आभार माना, सांगितलेलं खरंच करून बघा, आणि दोन-तीन आठवड्यांनी कळवा की केलं. बहुतेक मुलं इथेच सोडून देतात. ज्यानं परत येऊन सांगितलं तो लक्षात राहतो, आणि त्यांच्या विभागात जागा निघाली की नाव त्याचंच निघतं.

जागेची जाहिरात आधीच आली असेल तेव्हा मात्र आडवळण नको. पद कोणतं, जाहिरातीची लिंक, तुम्ही त्यात बसता याची दोन कारणं, आणि "योग्य वाटलं तर रेफर कराल का?" असा सरळ प्रश्न. बऱ्याच कंपन्यांत रेफर केलेला, म्हणजे कर्मचाऱ्यानं नाव सुचवलेला, माणूस रुजू झाला की कर्मचाऱ्याला बक्षिसी मिळते, त्यामुळे तुम्ही त्यांच्यावर फक्त उपकारच मागताय असंही नाही.

मोफत खात्याला ओळखीच्या विनंतीसोबत चिठ्ठी जोडायची सोय महिन्याला मोजकीच मिळते आणि अक्षरंही थोडी. ती अगदी अनोळखी माणसांसाठी राखून ठेवा. वर्गमित्राला चिठ्ठी कशाला? आणि 'हाय', 'हॅलो सर' एवढंच पाठवून वाट बघत बसू नका. समोरचा हॅलो म्हणेपर्यंत दिवाळी येते.

उत्तर नाही आलं तर? आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्यायची. दुसऱ्यांदा नाही.

नावाखालच्या ओळीत काय लिहू? सध्या 'सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज' आहे.

काढा ते आधी. कुठलाही भरती करणारा शोधाच्या चौकटीत 'सीकिंग' हा शब्द टाकत नाही. तो टाकतो 'शीट मेटल डिझाइन', 'टॅली', 'जीएसटी', 'फूड सेफ्टी', 'पायथन'. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात आणि शोधात ती ओळ बरंच वजन राखून असते. "डिझाइन इंजिनिअर, सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड, शीट मेटल व फिक्स्चर, सांगली-पुणे" अशी ओळ बघितली की मला दोन सेकंदांत कळतं की उघडायचं की नाही. 'डायनॅमिक', 'पॅशनेट', 'हार्डवर्किंग' यांनी काहीच कळत नाही. ते सगळेच असतात.

खालच्या 'माझ्याविषयी' भागाला २६०० अक्षरांची मुभा आहे. सगळी भरायची सक्ती नाही. पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं 'आणखी पाहा' दाबल्यावर. कामाचं पहिल्या दोन ओळीत आणा. फोटो साधा, चेहरा दिसणारा, मागे भिंत. लग्नातला फेटा किंवा महाबळेश्वरच्या पॉइंटवरचा गॉगल नको.

अनुभव शून्य आहे. अनुभवाच्या रकान्यात काय घालू?

जे केलंय ते, पण आकड्यांसकट. एका मुलीनं मला दाखवलेल्या प्रोफाइलवर लिहिलं होतं 'इंटर्नशिप, साखर कारखाना, एक महिना'. विचारल्यावर कळलं की बाईसाहेबांनी तिथे रसाचे नमुने घेऊन ब्रिक्स आणि पोल (रसातले विरघळलेले घटक आणि साखर यांचं प्रमाण) काढलं होतं, रोजच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या होत्या आणि दोन पाळ्यांमधला फरक सरांना दाखवला होता. हे लिहायचं सोडून ती 'एक महिना' लिहून मोकळी झाली! प्रयोगशाळेतलं काम शोधणाऱ्या कंपनीला याच गोष्टी हव्या असतात.

घरच्या कामालाही कमी लेखू नका. तासगावकडे बेदाण्याचं शेड चालवणाऱ्या घरातल्या मुलाला प्रतवारी, शीतगृहाचं भाडं, सौद्याचा दिवस, पावती, वाहतूक हे सगळं माहीत असतं. सांगलीच्या बाजारात हळदीचा हिशेब बघणाऱ्या मुलाचंही तसंच. कृषिमाल निर्यात करणाऱ्या किंवा अन्नप्रक्रियेच्या कंपनीत अर्ज करताना हा अनुभव आहे. पद म्हणून 'संचालक' लावू नका म्हणजे झालं. 'कौटुंबिक व्यवसायात मदत, खरेदी व हिशेब' हे खरंही आहे आणि पुरेसंही.

इंग्रजी कच्चं आहे. प्रोफाइल मराठीत चालेल का?

मूळ प्रोफाइल इंग्रजीतच ठेवा, कारण शोध इंग्रजीत होतो. पण छोटी वाक्यं लिहा. 'मी अमुक मशीन चालवली, तमुक सुटा भाग बनवला, रोज इतके नग' एवढं साधं इंग्रजी कुणालाही जमतं. एआयकडून लिहून घेतलेलं भारदस्त इंग्रजी आम्हाला लगेच ओळखू येतं, आणि मुलाखतीत तोच शब्द विचारला की घाम फुटतो. एआयची मदत घ्यायची तर चुका तपासायला घ्या.

मेसेज मात्र माणूस बघून. समोरचा कोरेगावचा असेल आणि प्रोफाइलवर शाळा साताऱ्याची दिसत असेल तर मराठीत लिहिलेला मेसेज बरेचदा जास्त लवकर उत्तर आणतो.

पुण्यात चार वर्षं एमपीएससी केली. मेन्सपर्यंत गेलो, पोस्ट निघाली नाही. हा गॅप कसा लपवू?

लपवू नका. आपल्याकडे प्रत्येक गावात अशी दोन-चार मुलं-मुली आहेत आणि भरती करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. तारखा ताणून जुन्या कंपनीत बसवलेली वर्षं पार्श्वभूमी पडताळणीत पकडली जातात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. तिथे खोटं निघालं तर हातात आलेलं ऑफर लेटर जातं.

लिंक्डइनवर कामातला खंड दाखवायची रीतसर सोय आहे. त्यात 'राज्यसेवा परीक्षेची तयारी, पूर्व परीक्षा उत्तीर्ण, मुख्य परीक्षा दिली' असं एका ओळीत लिहा. रडगाणं नको, आयोगावर राग नको. मुलाखतीतही एका वाक्यात सांगा आणि पुढे सरका.

खरी अडचण गॅपची नसते. या चार वर्षांत हाताला काय लागलं याची असते. मग परीक्षा थांबवायचं ठरवलंत त्या दिवसापासून तीन-चार महिन्यांचं एखादं ठोस काम दाखवता आलं पाहिजे : टॅली आणि जीएसटीचा कोर्स करून एखाद्या सीएच्या ऑफिसात प्रत्यक्ष रिटर्न भरणं, एसक्यूएल शिकून सरकारी खुल्या आकडेवारीवर केलेला छोटा प्रकल्प, किंवा अभ्यासिकेत ज्युनिअर मुलांना शिकवत होतात ते. तुमच्या अंगातली वाचायची, टिपणं काढायची सवय काही कामांना नेमकी लागते. एड-टेकमधलं (ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांमधलं) आशयलेखन, बँकांची आणि विमा कंपन्यांची कार्यालयं, स्वयंसेवी संस्थांमधले प्रकल्प समन्वयक, धोरणविषयक संशोधन. या ठिकाणी आधी परीक्षा देऊन आलेली माणसं बरीच सापडतात. शोधात 'यूपीएससी' किंवा 'एमपीएससी' टाकून बघा, कुणी कुठे वळण घेतलं ते दिसेल. त्यांना लिहा. या माणसांइतकी मनापासून उत्तरं दुसरं कुणी देत नाही, असा माझा अनुभव आहे.

मला सांगली सोडायची नाही. इथे लिंक्डइनवर जागाच दिसत नाहीत.

ठिकाण 'सांगली' टाकलं की थोड्याच दिसणार. कारण कंपन्या ठिकाण त्यांच्या सोयीनं लिहितात. कुपवाड, मिरज, पलूस, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, शिरवळ, खंडाळा, लोणंद, कोल्हापूर, कागल, गोकुळ शिरगाव हे सगळे शब्द स्वतंत्रपणे टाकून बघा. शिरवळ-खंडाळा पट्ट्यातल्या काही जागा तर 'पुणे' म्हणून लागलेल्या असतात. प्रत्येकाचा जॉब अलर्ट लावून ठेवा, रोज शोधायची कटकट नको.

दुसरं, इथल्या मध्यम कारखान्यांपैकी कितीतरी जण लिंक्डइनवर जाहिरातच देत नाहीत. पण त्यांचे प्लॅंट हेड, क्वालिटी मॅनेजर, खरेदी विभागाचे लोक तिथे असतात. कंपनीचं नाव टाका, 'लोक' हा विभाग उघडा, विभागप्रमुख शोधा. एचआरपेक्षा विभागप्रमुखाला लिहिलेलं जास्त कामाला येतं, कारण माणूस कमी पडल्याचा त्रास त्यालाच होत असतो.

आयटीआय फिटर आहे. मला याचा काही उपयोग?

खरं सांगू? फारसा नाही, निदान पहिल्या नोकरीला तरी. वर ज्या प्रयोगांबद्दल लिहिलं त्यातच दिसलं होतं की सैल ओळखींचा फायदा डिजिटल कामाच्या क्षेत्रांत जास्त होतो. जिथे संगणकी कारभार कमी, तिथे जवळचीच ओळख जास्त चालते. फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये आजही मावसभावानं सुपरवायझरकडे टाकलेला शब्द जिंकतो.

तुमच्यासाठी आधी शिकाऊ उमेदवारी. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, मोठ्या कारखान्यातलं वर्षभराचं प्रमाणपत्र पुढे फार उपयोगी पडतं. 'अपना'सारखी मोबाइल ॲपही बघा. तीन-चार वर्षांनी मशीन सेटिंग, प्रोग्रॅमिंग, मेंटेनन्समध्ये हात बसला की मग लिंक्डइन उघडा. तेव्हा चाकण, रांजणगावच्या कंपन्या स्वतः शोधत येतात.

हिरवी 'ओपन टू वर्क' चौकट लावू का? आत्ताच्या साहेबांना कळलं तर?

ही फोटोभोवतीची चौकट सांगते की तुम्ही काम शोधताय. नोकरी नसेल तर बिनधास्त लावा, त्यात कमीपणा काही नाही. नोकरीत असाल तर 'फक्त भरती करणाऱ्यांना दिसू दे' हा पर्याय घ्या. तुमच्याच कंपनीच्या भरती विभागाला ते दिसू नये अशी काळजी लिंक्डइन घेतं, पण हमी देत नाही. आणि जगात कंपन्यांसाठी माणसं शोधणारी एजन्सी नावाची चीज आहे, तिच्याकडून बातमी साहेबांपर्यंत जाऊ शकते. सांगली-मिरजेत तर कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही, हे धरूनच चाला.

दुसऱ्याचं प्रोफाइल गुपचूप बघायचं असेल तर खासगी मोड असतो. पण मग मोफत खात्यावर तुमचं प्रोफाइल कोणी बघितलं हे तुम्हालाही दिसत नाही. मी तर म्हणेन उघडपणे बघा. "हा दोनदा बघून गेला" म्हणून समोरूनच विचारणा आलेली उदाहरणं आहेत.

रात्रभर जागून भराभर 'इझी अप्लाय' केलं. एकाचाही फोन नाही.

'इझी अप्लाय' म्हणजे एका बटणावर लिंक्डइनवरूनच अर्ज. तुम्हाला जे सोपं, ते सगळ्यांनाच सोपं. त्या बटणाच्या पलीकडे एका जागेला अर्जांचा ढीग असतो आणि आम्ही तो वरून चाळतो. जाहिरात नवीन असतानाच अर्ज करा, म्हणजे 'गेल्या २४ तासांतल्या' जागा आधी बघा. त्यातली खरोखर बसणारी एखाद-दुसरी निवडा, बायोडेटात त्या जाहिरातीतले शब्द आहेत का ते तपासा, आणि अर्ज टाकल्यावर त्या कंपनीतल्या एका माणसाला लिहा. अर्ज आणि माणूस असं जोडीनं जाऊ द्या. नुसत्या अर्जावर घालवलेल्या रात्रींपेक्षा एक संध्याकाळ पुरेल.

रोज पोस्ट टाकावी लागते का?

नाही. 'आज मी शिकलेले पाच धडे' छापाच्या पोस्टींनी नोकरी लागत नाही, फक्त शेजारच्या बेंचवरचे मित्र लाइक करतात. महिन्यातून एकदा स्वतः केलेल्या कामाचं काही दाखवा : फिक्स्चरचं चित्र, कोडची लिंक, लॅबमधला निकाल. कंपनीची गोपनीय ड्रॉइंग टाकू नका, हे वेगळं सांगायला नको. इतरांच्या पोस्टखाली नीट विचार करून लिहिलेली कॉमेंट जास्त उपयोगाची, कारण ती त्या क्षेत्रातली माणसं वाचतात. 'व्हेरी इन्स्पायरिंग सर' ही कॉमेंट नव्हे.

प्रीमियम घ्यावं का?

प्रीमियम म्हणजे लिंक्डइनचं पैसे भरून घ्यायचं खातं. फ्रेशरनं नाही. महिनाभर फुकट वापरायला मिळत असेल तर मुलाखती चालू असतानाच्या महिन्यात घ्या आणि संपायच्या आधी रद्द करायचा गजर मोबाइलमध्ये लावा.

मुलींना नको ते मेसेज येतात. भाऊ म्हणतो खातंच बंद कर.

खातं बंद करायची गरज नाही. फोटो फक्त ओळखीतल्यांना दिसेल असं सेटिंग आहे. मोबाइल नंबर आणि जन्मतारीख कुणालाही दाखवू नका. कुणी कामाचं सोडून बोलायला लागलं की उत्तर न देता तक्रार नोंदवा आणि ब्लॉक करा, त्याला काहीही कळवलं जात नाही. अनोळखी विनंती आली तर त्याच्या प्रोफाइलची माहिती उघडून खातं कधी काढलंय ते बघा. गेल्या महिन्यात उघडलेलं खातं आणि मोठ्या कंपनीचा 'टॅलेंट हेड', ही जोडी बहुधा खोटी. तुमच्या स्वतःच्या खात्यावर ओळख पडताळणीचं चिन्ह डिजिलॉकरमधून फुकट मिळतं, ते घेऊन ठेवा.

लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर काही वर्षांनी परत कामाला लागायचं असेल तर 'रिटर्नशिप' हा शब्द शोधा. असे कार्यक्रम मोठ्या कंपन्या चालवतात.

सैन्यातून निवृत्त झालो. वय चाळीसच्या आत. सिक्युरिटीशिवाय दुसरं काही मिळेल का?

साताऱ्यात हा प्रश्न आला नाही असं होत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत आपल्याकडे. मिळतं, पण कामाची भाषा बदलावी लागते. 'हवालदार, १७ वर्षं सेवा' यातून कंपनीला काही उमगत नाही. 'तीस जणांच्या तुकडीची कामवाटणी, वाहनांची देखभाल आणि सुट्या भागांचा साठा, इतकी वर्षं' यातून उमगतं. मग गोदाम, वाहतूक, देखभाल, प्रशासन, कारखान्यातलं अपघात टाळण्याचं (सेफ्टीचं) काम या जागा उघडतात. तुकडीचं नाव, तैनातीची ठिकाणं, उपकरणांचे तपशील प्रोफाइलवर अजिबात नकोत. लष्करात असल्याचं बघून गोड बोलत चौकशी करणारी खोटी खाती असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि पुनर्वसन महासंचालनालयाकडे नोंदणी केली नसेल तर ती आधी करा.

लिंक्डइनवर आलेली ऑफर खरी की खोटी, कसं ओळखायचं?

पैसे मागितले की खोटी. 'रजिस्ट्रेशन', 'लॅपटॉपचं डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी', 'परत मिळणारी रक्कम', नाव काहीही असो. मुलाखत फक्त चॅटवर झाली, ईमेल साध्या जीमेलवरून आलं, दोन दिवसांत निवड झाली आणि पगार बाजारभावाच्या दुप्पट, तर आनंदानं पेढे वाटायच्या आधी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन नंबर काढून विचारा. मेसेज करणाऱ्यानं दिलेल्या नंबरवर नव्हे.

'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा' वाली कामं आधी दोनशे-पाचशे रुपये खरंच देतात. मग टेलिग्रामवर नेतात, 'प्रीपेड टास्क' म्हणून भरायला लावतात, आणि भरलेले काढायला आणखी भरायला लावतात. बँक खातं 'वापरायला' देण्याबद्दल कमिशन देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका, पोलीस तुमच्या दारात येतील.

परदेशाची ऑफर असेल तर एजंट केंद्र सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. मिरजेच्या नर्सिंग झालेल्या मुलींनी आखाती देशांच्या बाबतीत हे विशेष तपासावं. थायलंडला 'डेटा एंट्री' म्हणून बोलावून पुढे म्यानमार, कंबोडियातल्या फसवणूक केंद्रांत डांबलेल्या भारतीयांना सरकारनं सोडवून आणलं आहे. पर्यटक व्हिसावर या, तिथे बदलून देऊ, असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा.

पैसे गेलेच तर लाजत घरी बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

नोकरी लागली! आता खातं बंद करू?

बंद कशाला करता? ऑफर लेटर हातात आलं त्या दिवशी जाहीर करू नका, रुजू होऊन आठवडा झाल्यावर नवीन पद टाका. मधल्या काळात ऑफर मागे घेतली गेल्याचेही प्रकार घडतात. पगारपत्रकाचा किंवा ओळखपत्राचा फोटो पोस्टमध्ये नको. ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं, रेफर केलं, त्यांना स्वतंत्र मेसेज करून कळवा, सामुदायिक आभारांची पोस्ट त्यांच्या नजरेला पडेलच असं नाही. हिरवी चौकट काढा. आणि ते सगळे जॉब अलर्ट आठवणीनं बंद करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात साहेबांसमोर स्क्रीन शेअर करताना कोपऱ्यात 'तुमच्यासाठी १२ नवीन जागा' असं झळकतं.